मायानगरीची रयत

हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी ज्या काल्पनिक भूप्रदेशात वावरतात, तेथे मासेमारी, लोहारकाम, व्यापार आणि युद्ध करतात, आणि त्यांतील एखादा उठून जेवायला गेला तरी ज्या प्रदेशातील बाजार व लढाया त्याच्यावाचून अव्याहत चालू राहतात, अशा संगणकीय खेळांना एमएमओआरपीजी असे लांबलचक आद्याक्षरी नाव आहे. खेळणारी मुले त्याला नुसते ‘एमएमओ’ म्हणतात आणि मीही येथे तेच म्हणणार आहे. आपल्या नियतकालिकांत या खेळांचा उल्लेख झालाच तर तो व्यसनाच्या प्रकरणात होतो, किंवा मोबाइलवरील गोळीबाराचे खेळ आणि पैसे लावून खेळायचा जुगार यांच्या रांगेत त्यांना बसवले जाते. मी सोलापुरात वाढलेला एक खेळाडू आहे. विद्यार्थिदशेपासून या खेळांवर माझे प्रेम आहे, आणि त्यांतील काही गोष्टींचा मला तितकाच मनःपूर्वक रागही आहे. या दोहोंची कारणे, ज्यांनी असा खेळ कधी पाहिलेला नाही अशा वाचकांपुढे मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. पबजीसारख्या खेळात शंभर माणसे एका बेटावर उतरतात, अर्ध्या तासात एकजण किंवा एक तुकडी उरते, डाव संपतो आणि पुढच्या डावात सर्वांची पाटी पुन्हा कोरी होते. एमएमओमध्ये पाटी कोरी होत नाही. तुम्ही आज मिळवलेले कसब उद्या तुमच्यापाशी असते, आज दिलेला शब्द उद्या लोकांच्या स्मरणात असतो, आणि आज केलेली लबाडीही तशीच नावावर चिकटून राहते. जुगाराशी तर या खेळांच्या मूळ घडणीचा संबंधच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला त्यानेही पैसे लावून खेळायचे खेळ आणि इतर खेळ यांत स्पष्ट भेद करून केवळ पहिल्या वर्गावर बंदी घातली, हे पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या खेळांचा वंश सामान्यतः समजतात त्याहून जुना. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा एक खेळ लिहावयास घेतला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र एकही नव्हते, पडद्यावर केवळ शब्द उमटत. परंतु एकाच गुहेत दोन परकी माणसे एकमेकांना भेटू शकत, आणि त्या भेटीत पुढील सगळ्या इतिहासाचे बीज होते. १९९७ साली रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’, २००१ साली केंब्रिजमधील गोवर बंधूंचा ‘रूनस्केप’ आणि २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असा तो वंशविस्तार आहे. यांतील शेवटच्या खेळाचे वर्गणीदार २०१० साली एक कोटी वीस लाखांच्या पुढे गेले होते.

सोलापुरात हे सारे पोहोचले ते सायबर कॅफेच्या मार्गाने. २००५ साली बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले, त्यानंतर नवी पेठेत आणि सात रस्त्याच्या आसपास लाकडी खोपटांची, पडदे लावलेली अशी ठिकाणे उभी राहिली, आणि त्यांतील जुनाट यंत्रांवर चालू शकेल असा एकच मोठा एमएमओ होता: रूनस्केप. तो ब्राउझरमध्येच उघडत असे, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नसे आणि कॅफेच्या मालकाची परवानगीही लागत नसे. वॉरक्राफ्टची मासिक वर्गणी पंधरा डॉलर, म्हणजे त्या काळच्या भावाने साडेसहाशेच्या वर रुपये, आणि ती भरण्यास क्रेडिट कार्ड हवे. त्यामुळे तो खेळ आम्हांला केवळ मासिकांतील चित्रांतून ठाऊक होता. ‘रॅग्नारॉक’ हा कोरियन खेळ लेव्हल अप नावाच्या कंपनीने भारतात आणला होता, परंतु त्याचा भारतीय सर्व्हर, म्हणजे तो खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक, काही वर्षांतच बंद पडला. शिवाय ती वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती. वीज गेली की पडदा काळा होई, आणि दूरदेशीच्या त्या अरण्यात आमचा योद्धा श्वापदांच्या तावडीत निश्चल उभा राही. आम्हांला त्याचे खरोखर वाईट वाटत असे.

त्या खोपटांतून जी भाषा ऐकू येई ती सोलापूरचीच भाषा होती. पूर्व भागातून आलेली पद्मशाली घरांतली मुले आपसांत तेलुगू बोलत, अक्कलकोट बाजूची कानडी, कोणी दखनी, आणि सर्वांची मिळून मराठी. ‘अरे, लॅग होतंय’, ‘पिंग वाढलाय’ अशा खेळ अडखळल्याच्या तक्रारी आणि ‘तू टँक हो, मी मागनं हील करतो’ अशी कामांची वाटणी या चारही बोलींतून एकाच सुरात निघत. ज्या शहरात तीन-चार भाषांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका मागावर, एका पेठेत राबत आली, तेथील मुलांना पडद्यावर ब्राझीलचा, फिनलंडचा आणि फिलिपिन्सचा माणूस एकाच वेळी भेटला तरी त्याचे फारसे नवल वाटले नाही. मोडकेतोडके इंग्रजी बोलून काम भागवणे, हावभावांनी उरलेले समजावणे आणि समोरच्याच्या चुकीला न हसणे, हे शिष्टाचार ती मुले घरूनच घेऊन आली होती.

रूनस्केपमध्ये प्रत्येक कसबाच्या ९९ पायऱ्या असत. झाडे तोडणे, मासे धरणे, खाणीत खोदणे, धातू वितळवणे, स्वयंपाक करणे अशी ती कसबे. ९९ वी पायरी गाठण्यास १,३०,३४,४३१ गुण लागत. आणि या गणिताची रचना अशी की ९२ व्या पायरीला पोहोचलेला माणूस अद्याप जेमतेम अर्ध्या वाटेवर असे. एका झाडाच्या खोडामागे शेसव्वाशे गुण धरले तर किती झाडे तोडावी लागतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. या रटाळ, आवर्ती परिश्रमाला खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात, आणि जो तो आम्हांला विचारी की जिच्यात काही कौशल्य नाही, काही उत्कंठा नाही, असली मजुरी तुम्ही स्वखुशीने आणि वर तासाला पैसे मोजून का करता? मला या प्रश्नाचे उत्तर सोलापुरातच सापडले. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी यंत्रमागाचे किंवा विडीचे काम होते. विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारावर ठरते, आणि कारखान्यात माल देताना त्यांतल्या किती विड्या नापास म्हणून बाजूला काढल्या जातील हे त्यांच्या हाती नसते. खेळातल्या अरण्यात मात्र कुऱ्हाडीचा प्रत्येक यशस्वी घाव तत्क्षणी खात्यावर जमा होई. त्यात कोणी मुकादम नव्हता, कपात नव्हती, ओळखपाळख चालत नव्हती. श्रमाचे फळ श्रमाच्या प्रमाणात आणि बिनतक्रार मिळते अशी एक जागा जगात असू शकते, हे त्या मुलांनी प्रथम तेथे पाहिले. या अनुभवाला पलायन म्हणणे मला मान्य नाही. न्याय्य हिशेब म्हणजे काय याची ती प्रत्यक्ष ओळख होती, आणि ज्याला ती एकदा झाली तो पुढे बाहेरच्या जगातही आपल्या हिशेबाची वही मागतो.

त्याच जगात फसवणूकही होती, आणि तीही शिकवणारी होती. रूनस्केपच्या बाजारात एक प्रसिद्ध हाळी सदैव चालू असे: ‘तुमच्या चिलखताला सोनेरी काठ फुकट लावून देतो.’ असे काही कसब त्या खेळात अस्तित्वातच नव्हते. चिलखत हाती पडले की तो कारागीर अदृश्य होई. नवख्यांपैकी पुष्कळजण या हाळीला बळी पडत. परंतु याच बाजारात, दस्तऐवज नाही, साक्षीदार नाही, पोलीसठाणे नाही अशा स्थितीत, परक्या मुलखातील माणसाला आठवडाभर उसनी दिलेली तलवार ठरल्या दिवशी परत आणून दिली जाई, हेही मी पाहिले आहे. कायद्याचे भय नसताना माणूस शब्द पाळतो तो कशासाठी, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका शुष्क वाटतो तितकाच तेथे तो जिवंत आणि रोजचा होता.

आता माझ्या मुख्य मताकडे येतो. या खेळांचे मोठेपण त्यांच्या चित्रांत नाही, कथानकात तर मुळीच नाही. ते आहे परस्परांच्या गरजेत. जुन्या एमएमओची घडणच अशी असे की एकट्याने फार पुढे जाता येऊ नये. जो शत्रूचे घाव अंगावर घेतो तो टँक, जो जखमा भरून काढतो तो हीलर, आणि जे प्रहार करतात ते उरलेले. यांतील एकही वर्ग दुसऱ्यावाचून एका मोठ्या राक्षसासमोर अर्धे मिनिट तग धरू शकत नाही. वॉरक्राफ्टच्या आरंभीच्या काळात ‘मोल्टन कोअर’ या अग्निगुहेत उतरायचे तर चाळीस माणसे लागत. चाळीस माणसांनी निरनिराळ्या शहरांतून, निरनिराळ्या नोकऱ्या सांभाळून ठरल्या वेळी हजर राहावयाचे, एकाने सूत्रे हाती घ्यावयाची, बाकीच्यांनी त्याचा हुकूम मानावयाचा, हरल्यावर दोष कोणाचा हे भांडण न करता पुन्हा गुहेच्या तोंडाशी जमावयाचे, आणि जिंकल्यावर मिळालेली दोन-चार आयुधे चाळीसजणांत रुसवेफुगवे न होता वाटावयाची. हा सगळा कारभार पाहणाऱ्या संघटनेला ‘गिल्ड’ म्हणतात. ज्याने एखादी गिल्ड दोन वर्षे न फुटता चालवली आहे, त्याच्या हाती गृहनिर्माण सोसायटीचे किंवा गणेशोत्सव मंडळाचे दप्तर मी डोळे मिटून देईन.

२००९ च्या डिसेंबरात वॉरक्राफ्टने एक सोय केली. एक कळ दाबली की यंत्रच निरनिराळ्या सर्व्हरांवरची पाच अनोळखी माणसे निवडून त्यांची टोळी बनवी आणि त्यांना थेट गुहेच्या आत नेऊन सोडी. पूर्वी यासाठी चौकात उभे राहून हाका द्याव्या लागत, ओळखी जपाव्या लागत, गुहेपर्यंत एकत्र चालत जावे लागे. वेळ वाचला हे खरे. परंतु ज्या माणसाला पुन्हा कधी भेटायचे नाही त्याच्याशी सभ्यतेने वागण्याचे कारणही त्या कळीने वाचवले. लोक एक शब्द न बोलता गुहा साफ करू लागले, जरा चुकणाऱ्या नवख्याला मत देऊन हाकलू लागले, आणि ज्या हीलरची कीर्ती पूर्वी सगळ्या सर्व्हरभर असे तो आता यंत्राने पुरवलेला एक सुटा भाग झाला. ही सोय अनेक खेळांनी उचलली. नोकरीपेशाच्या माणसाला तासभरात खेळून उठता यावे, ही तिच्यामागची निकड मी समजू शकतो. तरीही माझा निर्णय असा की त्या दिवसापासून हे खेळ लोकांनी अधिक गजबजलेले आणि संगतीला अधिक दरिद्री झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने वॉरक्राफ्टची जुनी, गैरसोयीची आवृत्ती पुन्हा उघडली तेव्हा प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या, याचा अर्थ मी तरी हाच घेतो.

परस्परांची ही गरज किती खोल जाऊ शकते याचे उदाहरण नॉर्वेमध्ये घडले. मॅट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण करत नेणाऱ्या ड्युशेन या आनुवंशिक व्याधीने चाकाच्या खुर्चीला खिळलेला होता आणि २०१४ च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपला मुलगा जगाला न भेटता, मित्रांवाचून, एकाकी गेला, असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाचे वृत्त लिहिले आणि निरनिराळ्या देशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. वॉरक्राफ्टमध्ये इबेलिन या नावाने वावरताना त्याने कोणाला दुःखात धीर दिला होता, कोणा आईचा आणि तिच्या मुलाचा तुटलेला संवाद जुळवला होता; त्याच्या गिल्डमधील काहीजण अंत्यविधीसाठी प्रवास करून आले. त्याच्यावर पुढे निघालेला माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला. ज्या पालकांना आपले मूल पडद्यासमोर ‘एकटेच’ बसलेले दिसते त्यांनी तो अवश्य पाहावा.

या जगांचा कारभार मात्र खाजगी मालकीचा आहे, आणि माझ्या रागाचे पहिले स्थान तेथे आहे. २००७-०८ च्या सुमारास, खेळातील सोने खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी रूनस्केपच्या मालकांनी खेळाडूंमधील मुक्त देवघेवच जवळजवळ बंद केली. हेतू योग्य होता, परंतु परिणामी मित्राला भेट देण्याची आणि गरिबाला मदत करण्याचीही सोय उरली नाही. रयतेचा असंतोष वर्षानुवर्षे चालू राहिला. अखेर मतदान झाले आणि २०११ च्या फेब्रुवारीत तो निर्बंध उठला. २०१३ साली जुन्या रूपातला खेळ पुन्हा सुरू करावा की नाही यावर मतदान घेतले तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास मते पडली, आणि त्या जुन्या आवृत्तीत असा दंडक पडला की कोणतीही मोठी नवी गोष्ट आणायची तर तीन-चतुर्थांश खेळाडूंची संमती हवी. पुढे हे प्रमाण ७० टक्क्यांवर आले. आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेले एक सल्लागार मंडळ आहे. अशी सनद देणारे मालक थोडे. बहुतेक ठिकाणी, धंदा परवडेनासा झाला की एक तारीख जाहीर होते आणि त्या रात्री ते जग त्यातल्या घरांसह, स्मारकांसह नाहीसे होते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ २०११ च्या डिसेंबरात आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ च्या नोव्हेंबरात असेच गेले. सर्व्हर बंद करताना तो चालवण्याची सामग्री खेळाडूंच्या एखाद्या विश्वस्त संस्थेकडे सोपवण्याचे बंधन कायद्याने घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे स्थान पैशाचे. मासिक वर्गणीची जुनी पद्धत आम्हां सोलापूरकरांना दुर्लभ होती, तरी ती प्रामाणिक होती: सर्वांनी सारखे द्यावे आणि सर्वांनी सारखे श्रम करावेत. आज बरेचसे मोबाइलवरील एमएमओ प्रवेश फुकट देतात आणि सामर्थ्य विकतात. ज्याचे पाकीट जड त्याची तलवार धारदार. त्याहून वाईट म्हणजे बंद पेट्या, ज्यांत काय निघेल हे नशिबावर सोपवून पैसे उकळले जातात. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले, आणि ते उचितच झाले. श्रमाचा जो न्याय्य हिशेब या खेळांचा प्राण होता, तोच येथे विक्रीस काढला गेला आहे.

व्यसनाची चिंता मी खोटी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळांच्या अनावर ओढीचा समावेश केला असून ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले आहे. झोप, अभ्यास आणि नोकरी गमावून बसलेले खेळाडू मीही पाहिले आहेत. परंतु निव्वळ हुकमाने हा प्रश्न सुटत नाही. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास मनाई करणारा कायदा केला आणि दहा वर्षांनी तो स्वतःच मागे घेतला. आईवडिलांनी ‘किती वेळ खेळलास?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच्या आधी ‘कोणाबरोबर खेळलास?’ हा विचारावा. उत्तरात नावे असतील, त्या नावांची भांडणे, लग्ने आणि परीक्षा ठाऊक असतील, तर मूल एका समाजात वावरत आहे. उत्तरात नुसते आकडे आणि विकत घेतलेल्या पेट्या असतील तर मात्र वेळीच जागे व्हावे.

राहता राहिला आपल्या भाषेचा प्रश्न. आजवर आम्ही परक्यांच्या सर्व्हरांवर पाहुणे म्हणून खेळत आलो, आणि त्या पाहुणेपणाची किंमत अंतराने वसूल केली. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन ७२ सहस्रांश सेकंद तर भौतिकशास्त्रच घेते, आणि प्रत्यक्ष केबलींचा वळसा धरल्यास त्याहून बरेच अधिक. हीलरने वेळेवर मंत्र टाकूनही टँक मरतो तो या विलंबापायी. आता परिस्थिती पालटली आहे: २०१५-१६ पासून मोठ्या कंपन्यांची सर्व्हरकेंद्रे मुंबईत आली, २०१६ साली मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ साली ‘इंडस’ नावाचा बॅटल रॉयल प्रकारचा खेळ बाजारात आणून तांत्रिक कर्तृत्व येथे आहे हे दाखवून दिले. तथापि तोही डाव मांडून मोडण्याच्या प्रकारातलाच खेळ. कायम टिकणारे, माणसांनी वसवलेले जग मराठीत अद्याप कोणी उभारलेले नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या आणि आमच्या सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुण प्रज्ञावंतांना माझी विनंती आहे. असे एक जग उभारा. ते साध्या फोनवर चालावे, त्याचा सर्व्हर मुंबईत असावा, वर्गणी महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी असावी, सामर्थ्य कोणत्याही किमतीला विकले जाऊ नये, आणि एकट्याने त्यात फार दूर जाता येऊ नये. मी वर्गणी पहिल्या दिवशी भरीन, आणि टँक कोणी व्हायला तयार नसेल तर तेही काम पत्करीन.